किरकोळ

गुणाजीने ‘किरकोळ’ या शब्दाच्या टोकाशी असलेली बारीक फुली दाबली. शब्द गेला. मग त्याने उजव्या कोपऱ्यातलं ‘जतन करा’ हे निळं बटण दाबलं. पडद्यावर एक चकती क्षणभर गरगरली, थांबली, आणि ‘किरकोळ’ पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसला, कोपऱ्यावर चहा पिऊन यावं तसा.

त्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत चढवला. शब्द तिथेच होता. ‘एक वेणी’ हे शीर्षक, त्याखाली ‘रत्नप्रभा तावडे’ हे नाव, आणि नावाला लागून राखाडी चौकटीत ‘किरकोळ’.

“अरे बाबा,” तो कॉम्प्युटरला हळू आवाजात म्हणाला, “हा लेख माझा नाहीये.”

दिंडोशीच्या वसाहतीतलं ते श्रमसाफल्य वाचनालय दुपारी बंद असे. शटर अर्धं ओढलेलं, खालून येणारा उजेड कपाटांच्या पायांपर्यंतच पोचत होता. एरवी ही वेळ गुणाजीच्या सर्वांत आवडीची. कोणी काही मागायला येत नाही, कोणाशी बोलावं लागत नाही. पण आज संध्याकाळी वाचनालयाचा वर्धापनदिन होता. अध्यक्ष नंदकुमार राणे यांनी ओळखीच्या क्लासवाल्याकडून प्रोजेक्टर मिळवला होता. भिंतीवर चादर लावून सगळ्या सभासदांसमोर वाचनालयाचं नवं संकेतस्थळ उघडायचं होतं, आणि पुढच्या रांगेत कुठेतरी रत्नप्रभाबाई बसणार होत्या. तुमचा लेख पहिल्या पानावर दिसेल, असं गुणाजीने त्यांना सांगितलं होतं. सांगितलं कसलं, शब्द दिला होता. आयुष्यात त्याने फार थोड्या लोकांना शब्द दिला होता, कारण तो आपल्याला पाळता येईल याची त्याला कधी खात्रीच नसे.

आणि ‘किरकोळ’ असलेला लेख पहिल्या पानावर येत नाही, हा नियम त्याने स्वतःच सांगून करून घेतलेला होता.

हा लेख मिळवायला एक अख्खा पावसाळा आणि वर दिवाळी गेली होती. रत्नप्रभाबाई मनोरीच्या दवाखान्यात परिचारिका होत्या. मालाडहून बसने मार्वेला, तिथून होडीने खाडीपलीकडे, अशी त्यांनी सगळी नोकरी केली. निवृत्तीनंतर त्या मासिकं बदलायला वाचनालयात येऊ लागल्या आणि एकदा काउंटरपाशी उभ्या असताना सहज सांगून गेल्या. सकाळी मार्वेच्या धक्क्याला होडी लागली की मनोरीच्या शाळकरी मुली उतरायच्या. कितीतरी जणींचे केस मोकळेच असायचे, कारण त्यांच्या आया पहाटेच मासळी घेऊन बाजाराला गेलेल्या. होडीतल्या स्कूटरी उतरवून नव्या चढवेपर्यंत बाई एका मुलीची वेणी घालायच्या. एकीचीच. दुसरीची उद्या.

गुणाजीच्या हातातला तारखेचा शिक्का हवेतच राहिला होता.

“हे लिहा,” तो म्हणाला. आपण हे मोठ्याने म्हणालो याचंच त्याला नवल वाटलं.

“मी? गप बसा हो परबांनू. मी जन्मभर केसपेपर लिहिले. ताप, खोकला, जुलाब.”

“मग हेही तसंच लिहा. झालं तसं.”

“माझो झील हसतलो माका,” असं मुलाचं निमित्त सांगून त्याच हसल्या आणि मासिक पिशवीत टाकून निघून गेल्या.

गुणाजी लोकांच्या मागे लागणारा माणूस नव्हता. वर्गणी थकलेल्या सभासदालासुद्धा तो ‘सवडीने द्या’ म्हणे. पण या बाबतीत त्याने चिकाटी सोडली नाही. बाई आल्या की तो मासिकावर शिक्का मारता मारता, त्यांच्याकडे न बघता विचारी, “वेणी कुठपर्यंत आली?” शेवटी त्यांनी फुलस्केप कागद आणून दिले, औषधाच्या पाकिटात चार घड्या घालून.

“सर्वेशला दाखवलं,” त्या म्हणाल्या. सर्वेश त्यांचा मुलगा. “वाचून म्हणतो, आई, चांगलं आहे गं, पण असलं कोण वाचतं आजकाल? आता तुम्ही बघा. वाईट असलं तर फाडून टाका, मला सांगूही नका. पण लोकांत हसं करू नका परबांनू. एकदा हसं झालं ना, तर मी परत पेन हातात धरणार नाही. खरं सांगते.”

त्या गेल्यावर गुणाजीने कागद उलगडले आणि उभ्यानेच वाचायला लागला. बसायचं त्याच्या लक्षातच आलं नाही.

‘होडी लागते आणि सुटते, मधल्या वेळात एक वेणी होते. दोन होत नाहीत. मी एकदा दोन करून बघितल्या. दुसरी सैल राहिली आणि ती पोर दिवसभर शाळेत सैल वेणी घेऊन बसली. म्हणून एकच. ज्यांची राहायची त्या बाजूला उभ्या राहून माझ्या बोटांकडे बघायच्या. बघून बघून त्यातल्या दोघीतिघी शिकल्या आणि एकमेकींच्या घालायला लागल्या. मग मला कोणी विचारीना. त्या दिवशी मी होडीत बसून जरा रडले. कशाला ते मला अजून नीट सांगता येत नाही.’

कळायला लागल्यापासून गुणाजी वाचतच आला होता. लालबागच्या चाळीत, वडिलांची रात्रपाळी झाली की ते दिवसा झोपत, आणि आवाज होऊ नये म्हणून पोरगं कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसे. तेव्हापासून आजवर त्याच्या डोळ्यांखालून पुष्कळ गेलं. पण इतकं साधं आणि इतकं पुरं लिहिलेलं त्याने क्वचितच पाहिलं होतं. कागद परत पाकिटात घालताना त्याने आधीच्या घड्या होत्या तशाच घातल्या. एकही नवी घडी पडू दिली नाही.

संकेतस्थळ उभं केलं होतं संघमित्रा वानखेडेने. शाळेत असल्यापासून ती या वाचनालयाची सभासद. आता मालाडला एका काचेच्या इमारतीत नोकरी करत होती आणि रविवारी सकाळी येऊन गुणाजीला शिकवत होती.

“काका, हे काही गॅसचं बटण नाही. चुकलं तरी भडका उडत नाही,” असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याच दिवशी त्याने कोऱ्या पानावर ‘प्रकाशित करा’ दाबलं आणि ‘शीर्षक नाही’ नावाचा एक रिकामा लेख जगभर जाहीर झाला. गुणाजी घाबरून खुर्चीतून उठला. संघमित्रा पोट धरून हसली.

“झकास! वाचनालयाचं पहिलं प्रकाशन. एक पण चूक नाही ना त्यात, बघा!”

तिच्या शिकवण्याचं गुणाजीला फार कौतुक वाटे. तिने एकदाही त्याच्या हातातला माउस काढून घेतला नाही. तो भलत्या जागी जायला लागला की ती नुसती ‘हं’ म्हणायची, आणि त्या एका ‘हं’मध्ये ‘थांबा’, ‘विचार करा’ आणि ‘येईल तुम्हाला’ असं सगळंच असायचं. त्याने तेच तेच चारदा विचारलं तरी चौथ्यांदाही ती पहिल्यांदा सांगितल्यासारखीच सांगे. घरी गेल्यावर तो बायकोला म्हणे, “पोरगी मोठी आहे गं.” बायको म्हणे, “मोठी म्हणजे? तिशीची तर आहे.”

टॅगची भानगडही तिनेच समजावली होती.

“कपाटावर पट्ट्या लावता ना तुम्ही? कादंबरी, चरित्र, नाटक? तेच. फक्त इथे एक पुस्तक एकाच वेळी चार कपाटांत ठेवता येतं.”

कोकणातल्या एका डॉक्टरचं आत्मचरित्र वैद्यकात ठेवावं, प्रवासात की चरित्रात, यावर गुणाजीने एकदा आठवडाभर झोप घालवली होती. तिन्ही कपाटांत एकदमच! ज्याला कोणाला हे पहिल्यांदा सुचलं असेल त्याला भेटून नमस्कार करावा असं त्याला वाटलं.

“आता सरावाला काहीतरी टाका. खराखुरा मजकूर हवा हां,” संघमित्रा म्हणाली.

दुसऱ्याचं लेखन सरावासाठी वापरणं गुणाजीला पटेना. म्हणून त्याने स्वतःचं आणलं. तो वर्षानुवर्षं लहान लहान काहीबाही लिहीत असे आणि टेबलाच्या खणात ठेवून देत असे. कोणाला दाखवण्याचा प्रश्नच नव्हता. खण भरला की तो दुसरा खण रिकामा करी. त्यातला वरचा लेख त्याने उचलला. नाव ‘पाणी आलं’. तो टाइप करून झाल्यावर पडद्यावर सूचना आली, ‘किमान एक टॅग द्या.’ कुठेच न बसणाऱ्या पुस्तकांना वाचनालयात ‘संकीर्ण’ म्हणत, पण तो शब्द त्याला आपल्या लेखासाठी फारच भारदस्त वाटला. त्याने लिहिलं ‘किरकोळ’. पुढच्या रविवारी दुसरा लेख, त्यालाही ‘किरकोळ’. मग तिसरा. सराव वाढत गेला तसे त्याचे बरेच लेख त्या एका शब्दाखाली जाऊन बसले.

“आणि एक कर,” तेव्हाच तो तिला म्हणाला होता. “किरकोळ म्हणून जे असेल ते पहिल्या पानावर येऊ देऊ नकोस. आत कुठेतरी राहू दे.”

“का ओ?”

“पाहुणे यायचे असले की आपण जुन्या उशा आतल्या खोलीत नेऊन ठेवतो ना. तसं.”

संघमित्राने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. पण केलं.

गेल्या महिन्यात तिने आणखी एक सोय चालू केली. आता टॅग हाताने लावायची गरज नव्हती. लेख टाकला की यंत्र तो स्वतः वाचायचं आणि योग्य ते शब्द लावायचं. गुणाजीने एका जुन्या सभासदाच्या आठवणी टाकून बघितल्या, आणि चकती थांबते न थांबते तोच खाली शब्द उमटले. गिरणी, लालबाग, संप.

“वाचलं? एवढ्यात?”

“वाचलं.”

गुणाजीने पडद्याला हात जोडले. अर्धं गमतीने, अर्धं खरंच. मधूनच ते घसरायचंही. गणपती विसर्जनावरच्या एका लेखाला त्याने ‘जलतरण’ लावलं, आणि त्यावर ती दोघं तो सगळा रविवार हसत राहिली. पण असं क्वचित. यंत्र दमत नव्हतं, कंटाळत नव्हतं, कोणाचं नाव बघून वाचत नव्हतं. याची वाचक म्हणून बरोबरी आपल्याला जमणार नाही, असं गुणाजीला मनापासून वाटू लागलं होतं.

त्याच यंत्राने आज ‘एक वेणी’ वाचली होती.

त्याने आणखी एकदा फुली दाबली. आणखी एकदा ‘किरकोळ’ परत आला. मग त्याने संघमित्राला फोन लावला. कामाच्या वेळी तिला फोन करायचा नाही असं त्याने ठरवलेलं होतं, म्हणून “हॅलो” म्हणायच्या आधीच तो “सॉरी हां” म्हणाला.

“बोला काका. जेवायलाच बसलेय.”

त्याने सांगितलं. पलीकडे डब्याचं झाकण वाजलं.

“हां, ते परत लावणारच. ऑटो चालू आहे ना. ते बंद करायला माझं लॉगिन लागतं, आणि इथे ऑफिसच्या नेटवर आपली साइट उघडत नाही. मी पोचेपर्यंत तुमचा कार्यक्रम सुरू झालेला असेल, यार.”

“पण त्याने हे लावलंच का? असा लेख वाचून? त्याला काही दिसलं नाही का त्यात?”

“काका, त्या ‘किरकोळ’वर क्लिक करा. काय काय दिसतंय?”

त्याने केलं. यादी उघडली. ‘पाणी आलं’, ‘छत्रीवाला’, ‘बस थांब्यावरची बाई’, आणखी खाली आणखी. सगळ्यांच्या खाली, शेवटी, ‘एक वेणी’.

“सगळे माझेच आहेत,” तो म्हणाला. “आणि त्यांचा एक.”

“मग झालं तर. ते तुमच्याकडूनच शिकलंय. ऑटोच्या आधीचे लेख ते बदलत नाही, फक्त त्यांच्यावरून शिकतं. लेख छोटा आहे, रोजचं काहीतरी आहे, साधी माणसं आहेत, मोठं कोणी मेलं नाही की जिंकलं नाही. असं असलं की परबकाका किरकोळ म्हणतात. त्याने तेच उचललं. त्याची काय चूक?”

शटरखालून एक मांजर आत आलं, त्याच्याकडे बघून परत बाहेर गेलं.

“काका? रागावलात?”

“नाही गं. बरोबर आहे त्याचं.” मग थोड्या वेळाने, “मी माझे लेख काढूनच टाकतो. म्हणजे प्रश्नच मिटला.”

“काढा. तुमचे आहेत. पण मग तावडेकाकूंसारखा दुसरा एकही लेख तिथे उरणार नाही. त्याला कळणार कसं कुठे बसवायचं ते? काहीही लावेल. जलतरण आठवतंय ना? खाडी आहे, होडी आहे. लावेल तेच.”

“मग माझ्यावर दुसरा शब्द टाकतो. ‘इतर’.”

“मग त्यांच्यावर पण ‘इतर’ येईल,” संघमित्रा म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती. “तुम्ही तुमच्यावर जे लावाल ना काका, तेच त्यांच्यावर येणार आहे. दोघांचं लिखाण त्याला सारखंच वाटतंय.”

“काहीतरीच काय!”

“मी नाही म्हणत. ते म्हणतंय. चला, मला मीटिंगला पळायचंय. आणि हो, किरकोळ काढलंत की तुमचे पण सगळे पहिल्या पानावर येतील हां. बघा काय ते.”

फोन बंद झाला. गुणाजी हात मांडीवर ठेवून बसून राहिला. पहिल्या पानावर. राणे तिथे असणार, बँकेतले सावंत असणार, वसाहतीतल्या सगळ्या बायका असणार. आणि भिंतीवर गुणाजी परब, गुणाजी परब, गुणाजी परब. त्याचे कान गरम झाले.

त्याने ‘पाणी आलं’ उघडलं. उजवीकडे खाली लाल अक्षरांत ‘कायमचे हटवा’ होतं. बाण तिथपर्यंत नेला. जलतरण तर जलतरण, लोक हसतील, पण यंत्राला हसतील. बाईंना नाही. मग त्याला धक्क्यावर उभ्या असलेल्या त्या पोरी दिसल्या, मोकळ्या केसांच्या, आणि त्यांच्या डोक्यावर ‘जलतरण’ अशी पाटी दिसली. बाईंना नाहीच हसणार, असं कसं सांगता येईल?

बाण तिथेच लाल अक्षरांवर होता. पण कुठलाही कागद वाचल्याशिवाय टाकायचा नाही ही त्याची सवय. त्याने पान वर सरकवलं. शीर्षकाखाली त्याचं नाव होतं. ते समोर असताना त्याला वाचवेना. त्याने डावा तळहात पडद्यावर ठेवून नाव झाकलं आणि वाचायला सुरुवात केली.

चाळीत पाणी यायची वेळ रोज बदले. तळमजल्यावर शकुमावशी राहायची. तिच्याकडे नळ पहिला वाहायचा. पाणी आलं की ती आधी स्वतःची बादली लावत नसे. आधी जिन्यात जाऊन पितळेची ताटली वाजवी, वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशी. सगळी चाळ भरून घेई, आणि शेवटी मावशीच्या बादलीला करंगळीएवढी धार उरे. कोणीतरी तिला विचारलं, मावशी, आधी तुझं का भरत नाहीस? ती म्हणाली, भरत बसले तर वाजवणार कोण?

गुणाजीने परत वर जाऊन पहिल्यापासून वाचलं. त्यातला ‘तथापि’ त्याला खटकला. तो त्याने काढला. एक वाक्य लांबलं होतं, ते दोन ठिकाणी तोडलं. मग वाचता वाचता त्याची मान आपोआप हलली, काउंटरवर कोणी चांगलं काही सांगत असलं की हलायची तशी. हात अजून पडद्यावरच होता. बोटं अवघडली तेव्हा त्याने तो काढला आणि खालचं नाव थोडं दचकूनच पाहिलं.

‘कायमचे हटवा’कडे तो गेला नाही. ‘किरकोळ’ची फुली दाबली. रिकाम्या चौकटीत काय लिहावं? बाईंच्या लेखाला काय लिहिलं असतं, हे त्याला लगेच सुचलं, आणि तेच त्याने आपल्या लेखाला लिहिलं. ‘माणसं’. जतन केलं. चकती फिरली, थांबली. शब्द राहिला.

मग ‘छत्रीवाला’. मग ‘बस थांब्यावरची बाई’. प्रत्येक लेख तो आधी वाचत होता, म्हणून वेळ लागत होता. दोन लेख खरंच वाईट होते. ते त्याने मसुद्यात ढकलले, पण ते फक्त वाईट होते म्हणून. बाकीच्यांना ‘माणसं’. सगळं संपल्यावर त्याने ‘एक वेणी’ उघडली, ‘किरकोळ’ काढला आणि बटण दाबून डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा बाईंच्या नावाशेजारी यंत्राने आपणहून लावलेले शब्द होते. मनोरी, शाळा, आणि सगळ्यांत आधी, माणसं.

“शाबास,” गुणाजी म्हणाला. त्याचा आवाज त्या बंद खोलीत चांगलाच मोठा आला.

शटर खडखडत वर गेलं. नंदकुमार राणे खुर्च्यांचा टेम्पो घेऊन हजर झाले होते, खांद्यावर चादर.

“काय परब, कोणाशी गप्पा? आणि ही चादर बघा. मी पांढरी सांगितली होती, हिने निळ्या फुलांची दिली. म्हणाली, पांढरी धुवायला टाकलीय.”

“चालेल,” गुणाजी म्हणाला. “छान दिसेल.”

कार्यक्रम बऱ्यापैकी झाला. राण्यांनी नेहमीप्रमाणे लांबवलं. संघमित्रा धापा टाकत पोचली, पर्स खांद्यालाच ठेवून तिने माउस हातात घेतला, आणि भिंतीवरच्या निळ्या फुलांवर वाचनालयाचं पहिलं पान उमटलं. सगळ्यांत वर ‘एक वेणी’. अक्षरं मोठी होती. लोक आपोआप वाचू लागले. पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. गुणाजी मागे, कपाटाला टेकून उभा होता आणि फक्त रत्नप्रभाबाईंच्या अंबाड्याकडे बघत होता. त्यांची मान ओळीबरोबर डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून उजवीकडे जात होती. मधेच शेजारची बाई त्यांच्या कानाशी लागली, “सिस्टर, ती सैल वेणीवाली पोर कोण हो?” बाईंनी तिला हातानेच थांबवलं. वाचू दे.

त्यांच्या पलीकडे सर्वेश बसला होता. तो संपूर्ण वाचून झाल्यावर आईकडे वळला नाही, मोबाइल काढून भिंतीचा फोटो घेऊ लागला. फोटोत निळी फुलं येतायत म्हणून त्याने तो परत काढला.

चहा झाला, लोक पांगले, राणे खुर्च्या मोजायला गेले. संघमित्रा सामान आवरत होती. जाता जाता तिने पहिलं पान खालपर्यंत सरकवून बघितलं, गुणाजीकडे एक नजर टाकली आणि नुसती म्हणाली, “हं.” मग प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला लागली.

रत्नप्रभाबाई टेबलापाशी आल्या. त्यांचे डोळे अजून ओलसर होते आणि त्या ते लपवत नव्हत्या.

“परबांनू, कॉम्प्युटरात परत एकदा दाखवा बघू. भिंतीवर फुलांमध्ये एक ओळ गेली माझी.”

गुणाजीने त्यांना माउस दिला. त्यांच्या हाती तो वाकडातिकडा पळायला लागला आणि पान एकदम खाली गेलं. ‘एक वेणी’ वर निघून गेली, तिच्या खालून ‘पाणी आलं’ वर आलं. त्यांनी ते परत वर ओढलं नाही. चष्मा कपाळावरून खाली घेतला. ओठ हलायला लागले. ताटलीपर्यंत आल्या तेव्हा ओठ थांबले, आणि मग पुन्हा सावकाश हलू लागले.

“हे तुमी लिवलास?” त्यांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

गुणाजीच्या तोंडाशी नेहमीचं काहीतरी आलं होतं. तो राहू द्या म्हणणार होता, असंच काहीतरी आहे म्हणणार होता, उशीर झालाय म्हणणार होता. त्याने शेजारच्या रांगेतली एक खुर्ची उचलली, टेबलाशी आणून त्यांच्यामागे ठेवली.

“हो,” तो म्हणाला. “बसून वाचा.”